क्षमेच्या ओळीपाशी

६ फेब्रुवारी, सोमवार

ही वही माझी नाही. वाचाउपचाराच्या बाईंनी दिली. म्हणाल्या, "काका, काकूंनी रोज कोणता शब्द काढला, कशावरून काढला, एवढं लिहून ठेवा." पट्टीने रकानेही त्यांनीच पाडून दिलेत.

आजचा शब्द: एकही नाही.

रिकामा रकाना बघवत नाही, म्हणून बाकीचं लिहितो. १२ जानेवारीला, गुरुवारी, हिच्या मेंदूत रक्ताची गाठ अडकली. उजवा हात गेला, उजवा पाय अर्धा गेला, बोलणं सगळंच गेलं. तीन आठवडे दवाखान्यात काढून परवा घरी आणली. चौतीस वर्षं ही बाई डोळे उघडल्यापासून बोलत असे. माझ्याशी, शेगडीशी आणि प्रभूशी, तेही एकाच आवाजात. कित्येकदा मी "काय गं?" म्हणून विचारायचो आणि ही म्हणायची, "तुम्हाला नाही, वर बोलतेय." आता खिडकीकडे तोंड करून बसते.

माझं सोफे-खुर्च्यांचं काम. खाली दुकान, वर दोन खोल्या. दातांच्या दवाखान्याच्या सहा खुर्च्या उसवून पडल्या आहेत. फोम कापून ठेवला, पण रेक्झिनला हात लावलेला नाही.

८ फेब्रुवारी, बुधवार

शब्द: नाही. कशावरून: कशावरूनही.

चहा हवा? नाही. मग कप ओढून घेतला आणि संपवला. उशी वर करू? नाही. केली तर बरं वाटलं. डॉक्टरांनी विचारलं, हे कोण, नवरा ना? नाही. डॉक्टर हसले, मीही हसलो. घरी आल्यावर मात्र ते 'नाही' दाढेखालच्या खड्यासारखं बोचत राहिलं.

११ फेब्रुवारी, शनिवार

आज पाळक आले होते. सोबत आमचे व्याही. ते मंडळीचे पंच आहेत, पुढच्या बाकावर बसतात. व्याही म्हणायचं केवळ सवयीने. त्यांच्या मुलाचं आणि आमच्या मुलीचं लग्न मोडून सहा वर्षं झाली. पण आमची उठबस मोडली नाही. मी मोडू दिली नाही.

व्याह्यांनी खोलीभर नजर फिरवली आणि म्हणाले, "परमेश्वर ज्याच्यावर प्रीती करतो त्याचीच परीक्षा घेतो." मनात आलं, तुमच्यावर फारच कमी प्रीती दिसते त्याची.

मग पाळकांनी प्रभूची प्रार्थना सुरू केली, आणि खिडकीकडून आवाज आला. हिचा. स्वच्छ, पूर्वीसारखा. पाळकांचा शब्द चुकला, हिचा नाही. स्वर्गापासून भाकरीच्या ओळीपर्यंत सगळं म्हणाली. पुढची क्षमेची ओळ आली, आम्ही इतरांना क्षमा करतो तशी तू आम्हाला कर, आणि ही थांबली. तोंड घट्ट मिटलं. पाळकांनी ती ओळ पुरी केली, शेवटच्या 'आमेन'ला ही पुन्हा हजर.

पाळकांच्या डोळ्यांत पाणी. "चमत्कार!" व्याही म्हणाले. मी जिन्यापर्यंत त्यांना पोचवून आलो आणि हिच्यासमोर जमिनीवर बसलो. म्हटलं, "आता मला हाक मार. अहो म्हण. फक्त अहो."

"नाही," ही म्हणाली.

मी चौतीस वर्षं हिला उठवलं-बसवलं असं म्हणणार नाही, पण एका छपराखाली राहिलो. आणि उरलेले सगळे शब्द हिने त्याच्यासाठी राखून ठेवले. देवाचा मत्सर करणारा माणूस मंडळीत माझ्याआधी कुणी झाला का, कुणाला विचारणार?

१३ फेब्रुवारी, सोमवार

वाचाबाईंनी चमत्काराची हवा काढली. म्हणाल्या, पाठ असलेलं बोलणं मेंदूत वेगळ्या वाटेने येतं. आकडे, वार, गाणी, प्रार्थना, शिव्यासुद्धा.

"म्हणजे अर्थ कळून म्हणत नाही ती?"

"तसं मी नाही म्हणणार, काका. वाट वेगळी, एवढंच. पण त्याच वाटेने आत शिरता येतं. रोज दोन वेळा त्यांच्याबरोबर प्रार्थना म्हणा. मोठ्याने."

"मी?"

"दुसरं कोण आहे घरात?"

मी रविवारचा माणूस. खालच्या पट्टीत गातो, बाकांवरच्या गाद्या माझ्या हातच्या आहेत, दर रविवारी लोक माझ्याच कामावर बसतात. पण प्रार्थना घरात हिच्याकडे असायची, जसं रेक्झिन माझ्याकडे. आता ती मला हातापायाच्या कसरतीसारखी करायची आहे. सकाळी दहा वेळा बोटं उघडा-मिटा, मग प्रार्थना.

१७ फेब्रुवारी, शुक्रवार

चार दिवस झाले. सकाळी एकदा, दुपारी एकदा. रोज तोच अडसर. भाकरीपर्यंत माझ्या पुढे धावते, क्षमेच्या ओळीपाशी खटकन थांबते आणि माझ्याकडे बघते. मला ती ओळ एकट्याने म्हणावी लागते. भर दुपारी, रिकाम्या खोलीत, स्वतःच्याच आवाजात.

वाचाबाईंना सांगितलं. त्यांनी आकडे म्हणवून घेतले, वीसपर्यंत न अडखळता गेली. मग वार. सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार. गुरुवार. गुरुवार. पुढे जाईचना. दाराकडे बघायला लागली, आणि रडली. मी म्हटलं, बरोबर आहे, दुखणं गुरुवारी आलं ना. बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं.

२३ फेब्रुवारी, गुरुवार

दातांच्या डॉक्टरांचा निरोप आला, खुर्च्या हव्यात, पेशंट उभे राहतात. काम तर करायला हवं. म्हणून पाळकांना फोन केला. दर गुरुवारी चार वाजता ही महिलांच्या प्रार्थनासभेला जायची. कधी चुकली नाही, तापातसुद्धा. म्हटलं, त्या बाया आता इथेच येऊन बसू देत दोन तास, हिलाही बरं वाटेल.

पाळक म्हणाले, "गुरुवारची महिला सभा? ती बंद होऊन दोन वर्षं झाली की."

फोन ठेवला. हिच्याकडे बघितलं. ही खिडकीकडे.

२५ फेब्रुवारी, शनिवार

वय वर्षं एकसष्ट, आणि मनात काय काय येऊन गेलं ते या वहीतसुद्धा लिहिण्याजोगं नाही. हिची गुरुवारची पिशवी खुंटीवरून काढून झाडली. लोकरीचा गुंडा, खोकल्याच्या गोळ्या, एक बायकी रुमाल. प्रियकराच्या घरी लोकर घेऊन कोण जातं? माझं मलाच हसू आलं, आणि मग आलं नाही.

त्या दिवशी दवाखान्यातून फोन आला तेव्हा म्हणाले होते, गावाच्या दुसऱ्या टोकाला एका इमारतीच्या जिन्यात पडल्या, एका बाईने गाडी बोलावली. ती बाई कोण, हे मी दीड महिन्यात एकदाही विचारलं नाही. आज दवाखान्याची फाईल काढली. भरतीच्या कागदावर 'सोबत आलेली व्यक्ती' असं लिहिलंय. पुढे पत्ता. त्याच्या पुढे 'नातं', आणि तिथे: मुलगी.

अक्षर ओळखलं. 'ल'ची शेपटी लांब काढायची सवय तिला पहिलीपासून. मी पोचायच्या आत निघून गेली असणार.

२६ फेब्रुवारी, रविवार

आज उपासनेला गेलो नाही. लिहायचं ते लिहूनच टाकतो.

तिला आम्ही ठकी म्हणतो. म्हणायचो. सहा वर्षांपूर्वी एका संध्याकाळी ती दारात उभी राहिली. हातात एकच पिशवी, खालचा ओठ फुटलेला. मी विचारलं, "जिन्यावरून पडलीस का?"

असं कुणी विचारतं का? उत्तर मीच तिच्या हातात दिलं. तिने माझ्याकडे बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि म्हणाली, "हो." मग मी बोललो. लग्न देवासमोर झालंय. संसार म्हटला की असं व्हायचंच. परत जा, प्रार्थना कर. तो पंचांचा मुलगा होता, चारचौघांत माझी मान ताठ होती. ही माझ्या मागे ओले कपडे हातात घेऊन उभी होती. काही बोलली नाही. मी बोलत असताना ती बोलत नसे.

ठकी परत गेली नाही. आमच्याकडेही आली नाही. मी सांगून टाकलं की या घरात तिचं नाव काढायचं नाही. ते इतकं पाळलं गेलं की मला वाटलं सगळ्यांना पटलं.

सभा सुरू होती तेव्हाही ही तिथे जायची की ठकीकडे, देव जाणे. त्याला नक्कीच ठाऊक असणार. रोज सांगत होती ना त्याला, शेगडीपाशी, माझ्यादेखत.

२ मार्च, गुरुवार

हिच्यापाशी वाचाबाईंना बसवून फाईलमधल्या पत्त्यावर गेलो. तिसरा मजला. दुसऱ्या मजल्यावर थांबलो. दम लागला होता असं लिहितो.

दार तिनेच उघडलं. केस कापलेत. बारीक झालीय. आत येऊ दिलं नाही, दारही लावलं नाही.

"आई?" एवढंच विचारलं.

"आहे. बसते. बोलत नाही. प्रार्थना तेवढी म्हणते."

"मला दवाखान्यातून कळतं. तिथल्या प्रयोगशाळेत माझी मैत्रीण आहे."

"घरी ये," मी म्हणालो. तयार करून नेलेलं बाकीचं सगळं विसरलो.

तिने दाराच्या कडीवर बोट फिरवलं. "गुरुवारी येईन. चार ते सहा. आईसाठी येणार, तुमच्यासाठी नाही. मी असेन तेव्हा तुम्ही खाली दुकानात थांबायचं. वर यायचं नाही."

"माझ्याच घरात?"

"मग राहू दे."

"थांबतो खाली," मी म्हणालो. तिने दार लावलं.

९ मार्च, गुरुवार

बरोबर चारला आली. दुकानातूनच जिना आहे, त्यामुळे माझ्या समोरून गेली. मी मान खाली घालून चुका ठोकत होतो. चुका म्हणजे आमचे बारीक खिळे. दोन्ही हात मोकळे राहावेत म्हणून मूठभर तोंडात धरायचे आणि एकेक काढायचा. तोंडात चुका असल्या की माणसाला बोलता येत नाही. या धंद्यात एवढी एक सोय आहे.

साडेचारच्या सुमाराला वरून आवाज आला. हिचा. "ठकी." थांबून पुन्हा, "ठकी. ठकी गं."

पाठ केलेलं नव्हे. प्रार्थना नव्हे, वार नव्हे. दोन महिन्यांत हिचा स्वतःचा पहिला शब्द, आणि तो मी लाकडी छताखाली, तोंडात खिळे धरून ऐकला. मग वर कुणीतरी हसलं. दोघी हसल्या.

शब्द: ठकी. कशावरून: ठकी.

१४ मार्च, मंगळवार

पाळक म्हणाले, येत्या रविवारी साक्ष द्या. संकटात प्रभूने कसं बळ दिलं ते मंडळीला कळू दे, पुष्कळांचा विश्वास वाढेल.

कसलं बळ? देवाशी माझं बोलणं म्हणजे रोज दोन वेळा कसरत. क्षमेची ओळ अजून माझ्या एकट्याच्याच वाट्याला येते. वाचाबाई म्हणतात, त्या ओळीची वाट मेंदूत बुजली असेल. असेलही. पण आज दुपारी म्हणताना माझी मान हिच्याकडे वर होईना. ओळ सोडून पुढे जायचा प्रयत्न केला. हिने डावा हात उचलून माझ्या मनगटावर आपटला. जोरात. मागे जाऊन म्हटली.

१९ मार्च, रविवार

केलं.

शेजारणीला हिच्यापाशी बसवून गेलो होतो. पाळकांनी नाव पुकारलं. मी पुढे उभा राहिलो आणि सांगितलं, की माझी मुलगी फुटलेला ओठ घेऊन दारात आली होती, आणि मी तिला जिन्याचं निमित्त दिलं. मारणाऱ्याच्या घरी परत जा म्हणालो, आणि वर देवाचं नाव घेतलं. की माझ्या बायकोला स्वतःच्या लेकीला भेटायला प्रार्थनेचं खोटं कारण सांगावं लागलं. म्हटलं, "प्रभूने मला बळ दिलं का ते माहीत नाही. लाज दिली. ती घेऊन उभा आहे."

कुणी 'आमेन' म्हणालं नाही. व्याही गीतांच्या वहीत डोकं घालून पानं उलटत होते. त्यांचा मुलगा उठून बाहेर गेला. पाळक घाईघाईने म्हणाले, "आपण गीत गाऊ या." बाहेर पडताना नेहमीच्या दोनचार जणांनी हात पुढे केला नाही.

तरी घरी येताना अंग हलकं वाटत होतं. खरं सांगायचं तर छाती थोडी फुगलीच होती. किती वर्षांनी धडाडीचं काहीतरी केलं. ठकीच्या कानावर जाईलच. मग बघू.

२३ मार्च, गुरुवार

गेलं कानावर.

आज ती जिन्याकडे वळली नाही. सरळ माझ्या ठोकळ्यापाशी येऊन उभी राहिली.

"कुणाला विचारून सांगितलंत?"

माझ्या तोंडात चुका.

"मी रक्त तपासायचं काम करते. काल मंडळीतल्या दोघी रक्त द्यायला आल्या. मी सुई धरलीय आणि त्या माझ्या ओठाकडे बघतायत. ओठाकडे! एक म्हणाली, तुझ्या बाबांनी काय धीर दाखवला गं, आम्हाला रडू आलं. धीर म्हणे तुमचा!" तिचा आवाज चिरकला. "सहा वर्षांत मी कुणाला सांगितलं नव्हतं. नवीन जागी नवीन माणसांत नीट जगत होते. तुम्हाला साक्ष द्यायची होती ना? द्यायची. पण ओठ माझा होता."

मी चुका ओंजळीत थुंकल्या. "मला वाटलं—"

"तेव्हाही तुम्हाला काहीतरी वाटलंच होतं."

वर गेली. सहाला उतरली, समोरून निघून गेली. दातांच्या दवाखान्याची पाचवी खुर्ची आज मी तिरकी ठोकली. सगळी उसवावी लागली.

२६ मार्च, रविवार

जावंसं वाटत नव्हतं. गेलो, कारण न जायला कारण सापडेना. शेवटच्या बाकावर बसलो. शेजारी कुणी बसलं नाही. माझ्याच हातची गादी, मोकळीच्या मोकळी.

वर बोललो. हिच्यासारखं, मनातल्या मनात पण सरळ. म्हटलं, मी वाईट केलं तेव्हा तुझं नाव घेतलं, चांगलं करायला गेलो तेव्हाही तुझंच नाव घेतलं, आणि दोन्ही वेळा रक्त तिचंच निघालं. आता तूच सांग काय करू. आणि काही सांगणार नसशील तर निदान माझं तोंड तरी धर.

गाणी झाली, प्रवचन झालं, मला त्यातलं अक्षर आठवत नाही. एवढंच आठवतं की मध्येच उठून जायचं तीनदा मनात आलं आणि तिन्ही वेळा मी बसून राहिलो. कशाच्या आधाराने, ठाऊक नाही. पाय माझेच होते, पण आठवडाभर ज्यांवर उभं राहता येत नव्हतं तेच.

घरी येऊन हिला सूप भरवलं. निम्मं सांडलं. "नाही," ही म्हणाली, आणि तोंड उघडलं.

२७ मार्च, सोमवार

ठकीला चिठ्ठी लिहायला बसलो. पहिला कागद: चार पानं, सगळी माझ्याबद्दल. फाडला. दुसरा: 'मला माफ कर'. तेही माझ्यासाठीच मागणं झालं. फाडला. तिसऱ्यावर लिहिलं: 'तुला विचारायला हवं होतं. विचारलं नाही. यापुढे तुझ्याबद्दल कुणाशी बोलणार नाही. गुरुवारी मी खाली असेन.' टपालात टाकला.

पाळकांचा फोन आला, पंचमंडळींना तुमच्याशी बोलायचंय, नेमकं काय काय घडलं होतं ते. मी म्हटलं, "माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही. तुमच्या पंचांना त्यांच्या मुलाला विचारू द्या." असं पाळकांशी मी जन्मात बोललो नव्हतो. या वेळी छाती वगैरे फुगली नाही. खाली जाऊन सहाव्या खुर्चीचं रेक्झिन कापायला घेतलं.

३० मार्च, गुरुवार

गुरुवार असल्याने सगळं लवकर उरकत होतो. हिला खुर्चीत मागे रेलवून, मानेखाली फोमचा तुकडा देऊन, परातीत केस धूत होतो. कोपरापर्यंत फेस. साडेतीन झाले होते. आणि मागे पाऊल वाजलं.

ती अर्धा तास आधी आली होती. दारात उभी, पिशवी खांद्यावर. चिठ्ठी मिळाली की नाही, चेहऱ्यावरून काही कळेना. हिने "ठकी गं" म्हटलं आणि डोकं वळवलं, पाणी सगळं माझ्या पायावर.

"मी जातो खाली," मी म्हणालो. "हात धुतो आणि जातो."

तिने पिशवी ठेवली. बाह्या वर सारल्या. जवळ आली तसा प्रयोगशाळेच्या औषधांचा वास आला.

"डोळ्यांत जातोय साबण," ती म्हणाली. "हात असा आडवा धरा. कपाळाला."

धरला.

"घट्ट नको. तिला दुखेल."

सैल केला. ती तांब्याने बारीक धार धरत होती, मी कपाळापाशी पाणी अडवत होतो. ही डोळे मिटून ओठ हलवत होती, वर बोलत असावी. मला पुष्कळ काही म्हणायचं होतं. दोनदा तोंडापर्यंत आलं. गिळलं. तोंडात आज एकही चूक नव्हती, तरी गिळलं.

"कानामागे राहिलाय," ती म्हणाली. मी तिथला फेस काढला.

मग तिने आईचं डोकं दोन्ही हातांत उचलून धरलं आणि माझ्याकडे न बघता हात मागे केला. बाबा म्हणाली नाही. नुसतं म्हणाली, "टॉवेल द्या."

दिला.